बिघडलेला जॉबही दाखवा

दहावी-बारावीचे निकाल लागले की आमच्या नगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर म्हणायचं) गुणगौरव समारंभांचा हंगाम सुरू होतो. मंगल कार्यालय ठरतं, फ्लेक्स लागतात, शाल-श्रीफळं येतात. पाहुणा म्हणून आपल्याच समाजातला, मोठ्या हुद्द्यावर पोचलेला साहेब बोलावला जातो. साहेब चांगलं बोलतात. जिद्द, चिकाटी, परिस्थितीवर मात. पोरं टाळ्या वाजवतात, पेढा खातात, ट्रॉफी पिशवीत घालून एसटी पकडतात. ज्या पोराला कमी मार्क पडले, ते तर समारंभाला आलेलंच नसतं. खरी गरज असते ती त्याला.

मी आयटीआयमध्ये फिटर ट्रेडचा निदेशक होतो. निवृत्त झाल्यापासून रविवारी दुपारी मागासवर्गीय मुलांच्या एका वसतिगृहात जातो. एकटा जात नाही, कुणाला तरी बरोबर नेतो. वीज मंडळातला लाइनमन, एसटीतून निवृत्त झालेला कंडक्टर, सरकारी दवाखान्यातला कंपाउंडर, कोर्टातला बेलीफ. सगळे आमच्याच वस्त्यांमधून आलेले: महारवाडा, मांगवाडा, वडारवाडी, पारध्यांचं पाल. खुर्च्या मांडत नाही, हार आणत नाही. गृहपाल चहा देतात. पाहुण्याने आपला जन्म सांगायचा, आणि तो सांगताना पडझड गाळायची नाही, एवढी एकच अट.

लाइनमन पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी सांगितलं, की बारावीला गणितात नापास झालो आणि घरी पास झालो म्हणून सांगितलं. मग रोज कॉलेजला जातो म्हणून डबा घेऊन निघायचं आणि संगमनेरच्या स्टँडवर बसून राहायचं. गाड्यांच्या पाट्या पाठ झाल्या. पुढच्या रांगेतल्या एका पोराने विचारलं, “काका, आईला कळलं कसं?” ते म्हणाले, “डबा तसाच माघारी यायला लागला. खोटं बोलणाऱ्याला भूक लागत नाही रे.” मग मामाने कान धरून आयटीआयला नेलं, वायरमनचा फॉर्म भरला. तेवढ्यावर पुढचं आयुष्य उभं राहिलं. त्या संध्याकाळी दोन पोरं जिन्यात थांबून राहिली. एकाचे विषय राहिले होते आणि घरी ठाऊक नव्हतं. दुसऱ्याने परीक्षेचा फॉर्मच भरला नव्हता. गुणगौरवाच्या मांडवात हे दोघे कुणाजवळ गेले असते?

फिटरच्या पोराला पहिल्या महिन्यांत कानस मारायला लावतात. माइल्ड स्टीलचा तुकडा व्हाइसमध्ये धरायचा आणि गुण्यात बसेपर्यंत घासायचा. हात भरून येतात, कोपरा गोल होतो, माप उतरतं. माझ्या कपाटात दोन खण होते. एकात नीट झालेले जॉब, दुसऱ्यात बिघडलेले. नव्या पोरांपुढे मी दुसरा खण आधी उघडायचो. नीट झालेला तुकडा बघून पोरगं घाबरतं. बिघडलेला हातात घेतला की त्याला कळतं, दाब कुठे जास्त पडला, कोपरा कुठून गेला. माणसाच्या जन्माचंही मला तसंच वाटतं.

ही रीत मी शोधलेली नाही. ती आमच्याच अकोले तालुक्यातल्या एका माणसाने मराठीला दाखवली. दया पवार धामणगावचे, जन्म १९३५चा, मूळ नाव दगडू मारुती पवार. लहानपण थोडं मुंबईतल्या कावाखान्यात, थोडं गावात गेलं, शिक्षण संगमनेरला झालं. ‘ग्रंथाली’ने १९७८ साली त्यांचं ‘बलुतं’ काढलं. पुस्तकात दगडू मारुती पवार हा दया पवारांना आपली कहाणी सांगतो. एकाच माणसाचे दोन भाग: एक शिकलेला, पुस्तकं लिहिणारा, आणि दुसरा अजून महारवाड्यातच उभा असलेला. पहिला ऐकतो, दुसरा बोलतो.

‘बलुतं’ मी वाचलं तेव्हा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात अप्रेंटिस होतो. वर्कशॉपमधल्या एका मोठ्या माणसाने वर्तमानपत्रात गुंडाळून दिलं होतं. माझे वडील बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला जायचे, मी संगमनेरच्या बोर्डिंगात राहून शिकलो. गाव, नदी, शाळेत बसायची जागा, सगळं ओळखीचं होतं. पण मला धरून ठेवलं ते निराळ्याच गोष्टीने. हा माणूस स्वतःला सोडत नव्हता. आपला भित्रेपणा, बापाचं दारूत बुडणं, संशयापायी मोडलेला स्वतःचा पहिला संसार, सगळं त्याने लिहिलं होतं. आमच्यातल्या बऱ्याच शिकलेल्यांना ते आवडलं नाही. घरातली घाण चव्हाट्यावर कशाला, असं म्हणणारे तेव्हा पुष्कळ होते. मला मात्र पहिल्यांदाच कुणीतरी माझ्याशी बरोबरीच्या नात्याने बोलल्यासारखं वाटलं.

‘बलुतं’नंतर धरणच फुटलं. प्र. ई. सोनकांबळ्यांचं ‘आठवणींचे पक्षी’, लक्ष्मण मान्यांचं ‘उपरा’, शरणकुमार लिंबाळ्यांचं ‘अक्करमाशी’, लक्ष्मण गायकवाडांचं ‘उचल्या’, किशोर शांताबाई काळ्यांचं ‘कोल्हाट्याचं पोर’. समीक्षकांनी या पुस्तकांना दलित आत्मकथनं म्हटलं, त्यांच्यावर प्रबंध झाले, ‘उपरा’ला आणि ‘उचल्या’ला साहित्य अकादमीचे पुरस्कार मिळाले. पण बोर्डिंगातल्या पोरांसाठी ती आधी थोरल्या भावाची पत्रं होती. किशोर काळे तमाशात नाचणाऱ्या आईच्या पोटी जन्मून डॉक्टर झाले, हे वाचून एखाद्या पोराला स्वतःच्या आईचं नाव बाहेर सांगायचं बळ आलं असेल, तर ते कुठल्या प्रबंधात मोजणार?

आणखी एक समाज नेमक्या याच वाटेने गेला आहे, अमेरिकेतला काळा समाज. गुलामीतून निसटलेल्या फ्रेडरिक डग्लसने १८४५ साली आपली कहाणी लिहिली. रिचर्ड राइटने १९४५ साली आपल्या बालपणाचं पुस्तक लिहिलं आणि त्याला ‘ब्लॅक बॉय’ हेच नाव दिलं. जेम्स बाल्डविनच्या १९६३ सालच्या पुस्तकाचा पहिला भाग म्हणजे चौदा-पंधरा वर्षांच्या पुतण्याला लिहिलेलं पत्र. तुझा आजोबा खचला, कारण गोऱ्यांनी त्याच्याबद्दल जे सांगितलं ते त्याने मनातून खरं मानलं. तू मानू नकोस, अशा अर्थाचं तो पुतण्याला सांगतो. मी हे पोरांना सांगितलं तेव्हा मागून एक जण हळूच म्हणाला, “आमचा आज्जा बी असाच होता.” त्याच १९६३ साली न्यूयॉर्कमध्ये काही काळी मंडळी एकत्र आली. वकील, व्यावसायिक, अधिकारी. आपल्या वस्तीतल्या पोरांना हाताशी धरायचं म्हणून त्यांनी संघटना काढली आणि नाव ठेवलं ‘वन हंड्रेड ब्लॅक मेन’. पुढे अमेरिकेतल्या कितीतरी शहरांत तिच्या शाखा निघाल्या.

यातला मला सगळ्यात आवडणारा प्रसंग बराक ओबामांचा. फेब्रुवारी २०१४ मध्ये त्यांनी काळ्या आणि इतर गौरेतर मुलांसाठी ‘माय ब्रदर्स कीपर’ नावाचा उपक्रम जाहीर केला. त्या भाषणात त्यांनी आधीची एक हकिगत सांगितली. शिकागोच्या एका शाळेत ते पोरांच्या गटात गोल करून बसले होते. आपले वडील घरात नव्हते, त्याचा राग मनात होता, नशा केली, अभ्यासाकडे नीट लक्ष दिलं नाही, असं त्यांनी पोरांना सांगितलं. एक पोरगं चक्रावून म्हणालं, तुम्ही हे स्वतःबद्दल सांगताय? राष्ट्राध्यक्ष म्हणाले, हो. जगातल्या सगळ्यात मोठ्या खुर्चीवर बसलेल्या माणसाने पोरांपुढे आधी बिघडलेल्यांचा खण उघडला.

या दोन समाजांची ओळख जुनी आहे. बाबासाहेब १९१३ ते १९१६ कोलंबिया विद्यापीठात शिकत होते, आणि काळ्यांची हार्लेम वस्ती तिथून हाकेच्या अंतरावर. १९४६ साली त्यांनी काळ्या समाजातले विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहून, संयुक्त राष्ट्रांपुढे मांडलेल्या तिथल्या अर्जाची प्रत मागितली. ड्यू बॉइस यांनी आपुलकीने उत्तर दिलं. १९७२ साली मुंबईत नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार आणि त्यांच्या सोबत्यांनी दलित पँथर उभी केली, तेव्हा ओकलंडच्या ‘ब्लॅक पँथर’चं नाव डोक्यात ठेवूनच. आमच्या बोर्डिंगातल्या भिंतीवर तेव्हा पँथरचं पोस्टर होतं. अमेरिका कुठे आहे हे नकाशात दाखवता न येणाऱ्या पोरांनाही ते काळे लोक आपलेच वाटायचे.

पोरांना मी एक आणखी जुनी गोष्ट सांगतो, कारण ती नगर शहरातच घडली. सोळाव्या शतकात निजामशाहीचा पेशवा होता चंगेजखान. नाव मंगोल, माणूस हबशी, आणि स्वतः कधीकाळी गुलाम असलेला. त्याने १५७०च्या सुमारास एक हबशी तरुण विकत घेतला. इथिओपियात जन्मलेला, आईबापांनी ठेवलेलं नाव चापू. मोखा, बगदाद असा विकला जात जात तो दख्खनला आला होता. बगदादच्या धन्याने त्याला लिहायला-वाचायला शिकवलं होतं आणि अंबर हे नाव दिलं होतं. चंगेजखानाच्या पदरी तो राज्यकारभार आणि फौज जवळून बघत वाढला. चंगेजखान १५७५च्या आसपास मारला गेला. त्याच्या बायकोने अंबरला मुक्त केलं. विजापूरला चाकरी करून तो परत आला, आणि १६०० साली नगरचा किल्ला मोगलांकडे गेल्यावर निजामशाही त्यानेच तगवून धरली. १६२४ साली नगरजवळच्या भातोडीला त्याने तलावाचा बांध फोडून मोगल आणि आदिलशाही फौजेची छावणी चिखलात अडकवली. शहाजीराजे त्या लढाईत त्याच्या बाजूने लढले. हाच तो मलिक अंबर.

चंगेजखान त्या पोराशी काय बोलला, हे इतिहासाने लिहून ठेवलेलं नाही. गुलामीचा बाजार हा काही मार्गदर्शनाचा आदर्शही नव्हे. तरी एक गोष्ट पोरांच्या लगेच ध्यानात येते. राज्यातल्या सगळ्यात मोठ्या हुद्द्यावर आपल्यासारखा चेहरा अंबरला रोज दिसत होता. शिवाय त्याला नुसता चेहरा दिसला नाही, डोक्यावर छप्पर होतं, पोटाला अन्न होतं, हातात काम होतं. ‘तूही होशील’ एवढं सांगून घरी पाठवलेल्या पोराचा मलिक अंबर होत नाही.

म्हणूनच आपल्याकडच्या जाणत्यांनी आधी बोर्डिंगं काढली. शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१ पासून वसतिगृहं उभी करायला सुरुवात केली. बाबासाहेबांनी १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली आणि पुढच्याच वर्षी सोलापुरात वसतिगृह सुरू केलं. भाऊराव पाटलांच्या रयतेच्या शाळा तर आमच्या जिल्ह्यात गावोगाव आहेत. बोर्डिंगात शिकवण कुणी वेगळी देत नसे. रात्री कंदिलाभोवती, पुढे चाळीसच्या बल्बखाली, थोरली पोरं धाकट्यांना आपलं सांगायची. कुठले मास्तर हात लावत नाहीत, कुठला दुकानदार उधार देतो, स्कॉलरशिप अडकली की कुणाला भेटायचं. आज वसतिगृहं आहेत, पण प्रत्येक जण आपल्या मोबाइलमध्ये. रात्रीचा तो तास गेला, म्हणून आम्हाला रविवारची दुपार धरावी लागते.

या दुपारी सगळ्यात अवघड विषय निघतो तो गावाचा. अमेरिकेतले काळे बाप वयात येणाऱ्या मुलाला समोर बसवून सांगतात, पोलिसाने अडवलं तर हात दिसतील असे ठेव, झटका देऊन हलू नकोस. तिथे याला नुसतं ‘द टॉक’ म्हणतात, पुढचं सगळ्यांना कळतं. आमच्याकडे या बोलण्याला नाव नाही, पण घराघरात ते आहे. जामखेड तालुक्यातल्या खर्ड्याला एप्रिल २०१४ मध्ये सतरा वर्षांच्या दलित पोराचा खून झाला. वरच्या जातीतल्या मुलीशी बोलतो, हा राग होता. खटल्यात साक्षीदार फितूर झाले आणि २०१७ साली आरोपी निर्दोष सुटले. तेव्हापासून आमच्या भागात कितीतरी आयांनी पोरांचे मोबाइल तपासले.

यावर आमच्या पाहुण्यांचं एकमत नाही. कंडक्टर म्हणतात, “पोरांनो, आधी जिवंत राहा. शिकून बाहेर पडा, मग काय बोलायचं ते बोला.” बेलीफ चिडतात. “म्हणजे आमच्या आज्ज्यानं केलं तेच करायचं? मान खाली घालून चालायचं?” मग ते कायदा सांगतात. १९८९चा अॅट्रॉसिटी कायदा काय आहे, फिर्याद कशी द्यायची, फिर्यादीची प्रत फुकट मिळणं हा आपला हक्क आहे, ती घेतल्याशिवाय ठाण्यातून उठायचं नाही. पोरं दोघांचं ऐकतात. मला वाटतं, दोन मोठी माणसं त्यांच्यासमोर भांडतात यातच त्यांचं शिक्षण आहे. भिण्यालाही कारण आहे आणि न भिण्यालाही, हे त्यांना कुणीतरी उघडपणे सांगितलेलं असतं.

पारधी समाजातले एक गृहस्थ येतात, जेसीबी चालवतात. १८७१च्या कायद्याने इंग्रजांनी कितीतरी जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवलं. तो कायदा १९५२ साली गेला, तरी गावात चोरी झाली की पोलिस आधी पालावर येतात, हे ते हसत सांगतात. मग सांगतात जातीच्या दाखल्याची गोष्ट. अनुसूचित जाती-जमातींना १९५०च्या आधीचा आणि भटक्या-विमुक्तांना १९६१च्या आधीचा पुरावा लागतो. ज्यांचं घरच गाढवावर होतं त्यांनी तो आणायचा कुठून? यांना तो शेवटी मिळाला पोलिसांच्या जुन्या नोंदीत. आजोबांना संशयावरून पकडलं होतं, आणि नावापुढे जात लिहिली होती. “आज्ज्याच्या अटकेनं नातवाला दाखला दिला,” असं ते म्हणतात तेव्हा पोरं खो खो हसतात. हसून झालं की वह्या उघडतात आणि कुठल्या कचेरीत कोणता अर्ज द्यायचा ते लिहून घेतात. कुठल्याही प्रेरणादायी व्याख्यानात मी पोरांना इतक्या घाईने लिहिताना पाहिलेलं नाही.

यातून माझ्या पदरात काही साधे नियम पडले आहेत. सांगणारा पोरांपासून फार लांबचा नसावा. कलेक्टर एखादा पुरे, लाइनमन दहा हवेत, कारण पोराला उद्या त्याच्याकडे जाता येतं. रक्कम सांगावी. पहिला पगार किती, खोलीभाडं किती, गावी किती पाठवले. आकडा ऐकला की स्वप्नाला हिशेब लागतो. आईबद्दल बोलायला लाजू नये. बापाच्या दारूबद्दलही बोलावं, कारण समोर बसलेल्यांपैकी बऱ्याच जणांच्या घरी ती आहे आणि प्रत्येकाला ती आपल्याच घरी आहे असं वाटतं. गेल्याच्या गेल्या रविवारी कंपाउंडर बोलता बोलता रडले. पोरांपैकी कुणी हसलं नाही. गड्याने रडायचं नाही, हे या पोरांना पाळण्यापासून सांगितलेलं असतं, आणि राग आला की हात उचलायचा हेही त्यातूनच येतं. मोठा माणूस रडतो आणि उरलेला चहा पिऊन पुढचं सांगतो, एवढं त्यांनी पाहिलं.

मुलींच्या वसतिगृहात आम्ही जात नाही. तिथे बायांनीच जावं, आणि काही जणी जायला लागल्या आहेत. एका अंगणवाडीसेविकेने पहिल्या दिवशी सांगितलं म्हणे, की पाळी आली आणि शाळा सुटली ती कशी. तो खण उघडणं आम्हा पुरुषांना जमलं नसतं.

लोक विचारतात, याने फरक किती पडतो? मोजायचं कसं, मला माहीत नाही. वायरमन, नर्सिंग, पोलिस भरती अशा वाटांनी काही पोरं गेली. काही गेली नाहीत, परत ऊसतोडीला गेली. ऊसतोडीला गेलेलं एक पोरगं आता मुकादमाशी उचलीचा हिशेब लिहून मागतं. माझ्या दृष्टीने तेही शिकलेलं आहे.

तुम्ही हे वाचत असाल आणि तुमच्या तालुक्याला समाजकल्याणचं वसतिगृह असेल, तर गृहपालांना भेटा. परवानगीचा अर्ज द्या, आधारकार्डाची झेरॉक्स जोडा, महिन्यातला एक रविवार मागून घ्या. बरोबर एक माणूस न्या, जो आधी म्हणेल, “माझ्याकडे सांगण्यासारखं काय आहे?” असं म्हणणाऱ्यालाच न्या. शाल नेऊ नका. त्या पैशांत पोरांच्या परीक्षेच्या फॉर्मची फी भरा.